भागूबाईचा आवाज

"बोलू नकोस, नुसती घाबर," उपेनदादा हेडफोनमधून म्हणाला. "ती वर्गाच्या दाराशी आलीये. आत सगळी पोरं खिदळतायत. हिला आत जायचंय, पण पाय उचलत नाही. चल, घेऊ."

समोरच्या पडद्यावर कार्टूनमधली तोमोए उभी होती. चेहऱ्यावर केस, खांदे कानांपर्यंत चढलेले, हातात डबा घट्ट धरलेला. माझ्या डोक्यावरचा लाल दिवा लागला आणि मी घाबरले. अर्धा श्वास घेतला, उरलेला गिळला, एक शब्द ओठांपर्यंत आणला आणि परत आत ओढला. दिवा विझला.

"क्या बात है! वाल्मीक, घेतलंस ना? ही पोरगी घाबरण्यात एक नंबर आहे!"

काचेपलीकडे हशा झाला. मला राग आला नाही. उलट अंगावर मूठभर मांस चढलं. घाबरल्याबद्दल आजवर कोणी माझी पाठ थोपटली नव्हती.

उपेनदादाला तेव्हा मी अहो-जाहो करत होते. आता सांगताना करणार नाही.

मी सोळा वर्षांची होते. बाबा टेलिफोन खात्यात. त्यांची बदली झाली म्हणून आम्ही मूर्तिजापूर सोडून पुण्याला आलो. अकरावीच्या पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, "आपण कुठून आलात?" मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी मूर्तिजापूरहून येऊन राहिली." यात हसण्यासारखं काय आहे, ते मला आजही कोणी समजावून सांगावं. सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा रुमालाआड हसल्या आणि म्हणाल्या, "येऊन राहिलीस ना? मग बस आता." त्या दिवसापासून मी कॉलेजात तोंड उघडलं नाही. हजेरीलाही नुसता हात वर करायची.

आज लोक मला तोंडाळ म्हणतात. माझ्या तोंडी लागायला ऑफिसात कोणी धजत नाही. तेव्हा मात्र दुकानदाराला दोनदा विचारायची वेळ आली तर मी साखर न घेता परत यायचे.

आमच्या वरच्या मजल्यावर शर्वाणीताई राहायची. ती डबिंग करायची. साबणाच्या जाहिराती, परदेशी सिनेमे, कार्टून, जे येईल ते. एकदा तिच्या स्टुडिओला शाळेच्या गोंगाटासाठी पोरं हवी होती, म्हणून तिने बिल्डिंगमधली सगळी पोरं गोळा केली आणि त्यांच्यात मलाही ओढलं. गोंगाट करणं मला काही जमलं नाही. मी मागे सरकताना माइकला धडकले आणि माइकलाच "सॉरी" म्हटलं. उपेनदादा तिथला डबिंग डायरेक्टर. त्याने तिथल्या तिथे टाळी वाजवली. "हीच! आपली भागूबाई सापडली!"

मालिका जपानी होती. तोमोए नावाची एक लाजाळू मुलगी. कोणी बोलायला आलं की ती टेबलाखाली शिरायची, आणि आभार मानायचे असले तर चुकून भिंतीला वाकून नमस्कार करायची. तिची शाळेत उडणारी त्रेधातिरपीट, एवढीच गोष्ट. मराठीत आणताना मुलांच्या त्या चॅनेलने मालिकेचं नाव ठेवलं 'भित्री भागूबाई'. मला ते नाव पहिल्यापासून खुपलं, पण मी काय बोलणार? मी तर भिंतीला नमस्कार करणाऱ्यांतलीच.

तोमोए मला फार आवडली. तिची फजिती बघून हसू यायचं, पण ज्यांनी तिला रेखाटलं होतं त्यांचा तिच्यावर जीव होता, हे चित्रातून कळायचं. आणि रेकॉर्डिंगचा तो बंद बूथ तर मला देवघरासारखा वाटायचा. अंधार, कानावर हेडफोन, समोर लिहिलेली वाक्यं. कोणी टक लावून बघत नाही, कोणी मध्ये तोंड घालत नाही. तिथे माझ्या तोंडून 'मला', 'तुला', 'आले', 'गेले' असं धुऊन वाळत घातलेलं पुणेरी मराठी यायचं. माझं मलाच खरं वाटायचं नाही.

एकाच गोष्टीवरून उपेनदादाशी माझं वाजायचं, म्हणजे माझ्या मनातल्या मनात वाजायचं. मूळ जपानी मालिकेत तोमोए पुष्कळदा नुसती गप्प असायची. बराच वेळ. दाराशी उभी, खिडकीशी उभी, कोणाच्या तरी पाठीमागे उभी. उपेनदादाला ते बघवायचं नाही. त्याचा एक सिद्धांत होता.

"मोकळी जागा म्हणजे काय गं? मोकळी जागा म्हणजे रिमोट! इकडे पात्र गप्प झालं की तिकडे पोरगं चॅनेल बदलतं. तोंड दिसत असेल तर नाइलाज. पण पाठ दिसली की टाकायचं वाक्य. पाठ म्हणजे लॉटरी!"

अशी पाठ दिसली की तो काहीतरी कोंबायचा. "आई गं, पोटात गोळा आला!" किंवा "पळ भागूबाई, पळ!" एकदा धीर करून मी म्हटलं, "दादा, इथे ती गप्प आहे."

"अगं, गप्प आहे म्हणूनच तर!" तो म्हणाला, आणि सगळे हसले.

एक वाक्य घेऊन झालं की वाल्मीक, म्हणजे आमचा रेकॉर्डिस्ट, ते तपासून बघायचा. तोवर मला थोडा मोकळा वेळ मिळायचा. त्या अंधारात मी स्वतःशी बोलायचे. हळू, माझ्या वऱ्हाडीत. लाल दिवा विझला म्हणजे माइक बंद, असं मी मनाशीच ठरवून टाकलं होतं. तसं मला कोणी सांगितलं नव्हतं. तसं नसतं, हेही कोणी सांगितलं नव्हतं.

पहिले भाग तयार झाले तेव्हा चॅनेलच्या मॅडम मुंबईहून बघायला आल्या. रविवारची सकाळ होती. सगळे कलाकार घरच्यांना घेऊन आले होते. माझ्याबरोबर आई आली, ठेवणीतली साडी नेसून. मूर्तिजापूरला सिनेमाला जातानाही ती एवढी नटली नव्हती.

"मले समजन काय व त्यातलं काही?" तिने जिना उतरताना विचारलं. स्टुडिओ तळघरात होता.

"कार्टून आहे आई."

"मंग समजन," ती म्हणाली.

दिवे घालवले. पडद्यावर तोमोए आली आणि तिच्या तोंडून माझा आवाज आला. आईने माझा हात धरला. पहिला भाग झाला, सगळे पोट धरून हसले, मीही हसले. दुसऱ्या भागात ती दाराची जागा आली. तोमोए डबा घेऊन वर्गापाशी येते, आत सगळे जेवत असतात, आणि ती दाराकडे तोंड करून, आपल्याकडे पाठ करून उभी राहते. मूळ चित्रात इथे काहीच आवाज नव्हता. माझा तो अर्धा श्वास आणि मग लांबलचक शांतता. मी त्याची वाट बघत होते. मी तिथे फार मन लावून घाबरले होते.

श्वास आला. आणि त्याच्या पाठोपाठ, हळू, कुजबुजत, माझ्याच आवाजात आलं:

"मी बसू काय तुह्याजवळ? डबा आनला मी. तुले नसन आवडत तं राहू दे."

तळघर हशाने दणाणलं. कोणीतरी शिट्टी मारली. 'तं राहू दे' वर तर एक गृहस्थ खुर्चीवरून घसरायचेच बाकी राहिले.

 हे वाक्य कोणी लिहून दिलेलं नव्हतं. ते माझं होतं. माझ्या वर्गात गार्गी सबनीस नावाची मुलगी होती. खिडकीजवळच्या बाकावर एकटी बसायची, एका हाताने डबा खायची आणि दुसऱ्या हाताने पुस्तकाची पानं उलटायची. ती एकटी असायची, पण एकटी पडलेली नव्हती. हा फरक मला तेव्हाही कळत होता. पहिल्या दिवशी सगळा वर्ग हसला तेव्हा ती हसली नव्हती. बहुधा तिचं लक्ष नसेल, पण मी तेवढंच धरून बसले होते. तिच्याजवळ जाऊन काय म्हणायचं, ते मी महिनोन् महिने घोकत होते. शुद्ध मराठीत म्हणायला गेलं की ते पाठांतरासारखं वाटायचं. म्हणून आधी आपल्या बोलीत नीट बसवू, मग पुण्याच्या भाषेत करू, असं ठरवलं होतं. घरी आरशासमोर म्हणायचे, रस्त्याने जाताना म्हणायचे, आणि बूथमध्ये दिवा विझला की म्हणायचे. त्याच्या आधी "गार्गी" असं नाव होतं. तेवढं त्यांनी कापलं होतं. लाज वाटून कापलं, असं मी कधी समजले नाही. तोमोएच्या शाळेत गार्गी कुठून येणार, म्हणून कापलं.

दिवे लागले. मॅडम डोळे पुसत उठल्या. "उपेन, ते दारातलं! ते तर स्क्रिप्टमध्ये नव्हतं. कोणी लिहिलं?"

उपेनदादाने केसांतून हात फिरवला. "सुचतं हो कधी कधी," तो म्हणाला.

सुचतं! माझ्या तोंडातला घास काढून घेतला आणि वर म्हणे सुचतं. मी उठून काही बोलणार होते असं मला आज वाटतं, पण खरं म्हणजे मी खुर्चीला खिळले होते. बोलली माझी आई. तिला कौतुक आवरेना.

"अवं, हे तं आमच्या वृषालीचंच बोलनं हाय!" ती मॅडमना म्हणाली. "घरी रोज आरशासमोर म्हनते ना ते. अस्संच म्हनते, शब्दाले शब्द!"

 मग हसण्यापेक्षाही वाईट असा आवाज आला. "आईऽ गं," सगळ्यांनी एकदम म्हटलं, मांजरीचं पिल्लू बघितल्यावर म्हणतात तसं. मॅडम पुढे आल्या आणि त्यांनी माझा गाल धरला.

"म्हणजे हे खरंच आहे? किती गोड! मग? बसू दिलं का गं तुला?"

सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. उपेनदादासुद्धा. मी मान खाली घातली. माझ्या शेजारी आईच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. आपण काय बोलून बसलो ते तिला आत्ता उमगत होतं.

घरी येताना बसमध्ये तिने दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, "मी नव्हतं बोलाचं काय व?"

"तुझं काही चुकलं नाही आई."

"मले वाटलं, तुवं मुद्दाम देलं त्याईले."

"नाही दिलं."

"मंग त्याईनं कसं घेतलं?"

या प्रश्नाचं उत्तर मी रात्री शर्वाणीताईला विचारलं. ती तोमोएच्या वर्गातल्या आगाऊ मॉनिटरचा आवाज द्यायची. "अगं, माइक कधी बंद नसतोच," ती म्हणाली. "दिवा फक्त आपल्यासाठी. आम्हा सगळ्यांना माहीत आहे."

"मला नव्हतं माहीत."

"आता झालं ना? वाईट नको वाटून घेऊस. सगळ्यांनी कौतुकच केलं की."

बाबा म्हणाले, "जाऊ दे." 'जाऊ दे' हा आमच्या घरचा कुळाचार आहे. बदली झाली, जाऊ दे. घरमालक पाणी सोडत नाही, जाऊ दे. मी पहिल्यांदाच तो मोडायचं ठरवलं. ते भाग शनिवारपासून लागणार होते, पहिल्या दिवशी दोन लागोपाठ. गुरुवारी कॉलेज बुडवून मी एकटी स्टुडिओत गेले.

उपेनदादा काचेच्या अलीकडे, वाल्मीकच्या शेजारी बसून चहा पीत होता. "अरे वा, भागूबाई! ये ये. आज तुझं काम नाहीये."

मी दारात उभी राहिले. घरून सगळं घोकून आले होते. तोंड उघडलं आणि 'अ'च्या पुढे काही येईना.

"काय झालं? बोल की."

"ते... दादा... ते..."

तो हसला. वाईट हसला नाही. त्याचं हसणं कधी वाईट नसायचंच, त्यामुळे तर त्याच्यावर रागावणंही जड जायचं. "अगं राणी, समोरासमोर तुला जमणार नाही. जा, आत जा. माइकवर बोल. तिथे तुझी जीभ चालते."

आणि मी गेले. माझ्यासारखी मूर्ख मीच. पण तिथे अंधार होता, हेडफोन होते, आणि तो म्हणाला ते खरं होतं. तिथे मला जमायचं. मी डोळे मिटले आणि शुद्ध मराठी गेलं खड्ड्यात.

"दादा, ते वाक्य माह्यं हाय. ते तुमाले सुचलं नाही, मले सुचलं. मी कधीपासून ते तोंडात घोळून राहिली, आन जिले विचाराचं तिले अजून विचारलं नाही. तिच्याआधी तुमी साऱ्या महाराष्ट्राले आयकवता? मले न विचारता? तोमोए तिथं गप्प हाय. तिले गप्प राहू द्या ना! तिच्या पाठीमांगून माह्यं बोलनं कोंबू नका, आन माह्या बोलन्यावर लोकाइले हासवू नका. हासाचंच असन तं आपल्या सवताच्या बोलन्यावर हासा! काढा ते. शनिवारच्या आधी काढा."

एवढं सलग मी पुण्यात आल्यापासून कोणाशी बोलले नव्हते. डोळे उघडले. काचेपलीकडे दोघेही स्तब्ध होते. मला वाटलं, पोचलं. अखेर पोचलं.

मग हेडफोनमध्ये उपेनदादाचा आवाज आला, भारावलेला, अगदी हळू. "वाल्मीक... घेतलंस?"

"घेतलं दादा."

"बघ!" तो उठून उभाच राहिला. "अगं, शेवटच्या भागात ती वर्गाला सुनावते, तेव्हा केसांनी तोंड झाकलेलं असतं. तिथे हेच टाकू. थोडं इकडेतिकडे कापू, बस. काय बोललीस बाळा! याच्यासाठीच तर मी एवढी मेहनत घेत होतो. बोलतं केलं की नाही तुला? सांग, केलं की नाही?"

मी हेडफोन काढून ठेवले. बाहेर आले. त्याच्यासमोर उभी राहिले. आवाज कापत होता, पण निघाला.

"ते काढणार का?"

"काढलं तर तिथे ठेवू काय?"

"काही नको. मोकळं ठेवा."

"मोकळं कोण बघतं गं?" तो म्हणाला आणि त्याने मला चहा विचारला.

मी परत त्या तळघरात पाऊल ठेवलं नाही. शेवटचे भाग दुसऱ्या एका मुलीकडून करून घेतले. आवाज बदलला हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझं ते भांडण त्यांनी वापरलं की नाही, मी कधी बघितलं नाही. वापरलं असणार. फुकट मिळालेलं कोण सोडतं? पुढे कितीतरी वर्षं हा माणूस समारंभांतून सांगत फिरायचा की एका मुक्या मुलीला त्याने वाचा दिली. वाचा दिली म्हणे! माझ्याकडे वाचा होती म्हणून तर त्याला ती उचलता आली.

त्या शनिवारी आम्ही टीव्ही लावला नाही. लावायची गरजच नव्हती. वरून, खालून, शेजारून, भिंतींतून माझाच आवाज येत होता. दाराची जागा आली तेव्हा सगळी बिल्डिंग एकदम हसली. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिने काही कारण नसताना कुकर लावला.

पण खरा अन्याय मला सोमवारपासून कळायला लागला. ते वाक्य लोकांना फार आवडलं. आमच्या चौकातला भाजीवाला गिऱ्हाइकाला म्हणाला, "घेता का? नसन आवडत तं राहू दे!" रिक्षावाले मीटर न टाकता तेच म्हणू लागले. गणिताच्या सरांनी फळ्यावर एक उदाहरण सोडवलं, वर्गाकडे वळले आणि म्हणाले, "समजत नसन तं राहू दे." पोरं बाकं बडवायला लागली. त्या बाकांच्या आवाजात माझ्या लक्षात आलं की आता ते वाक्य मला कधीच म्हणता येणार नाही. मीच नव्हे, महाराष्ट्रात कोणीच कोणाला ते खरं म्हणून विचारू शकणार नाही. विचारलं की समोरची हसणार. महिनोन् महिने घासून पुसून ठेवलेली माझी एकुलती एक गोष्ट त्यांनी चौकात नेऊन टाकली होती, आणि येणारा-जाणारा तिला लाथ मारून पुढे जात होता.

त्याच आठवड्यात एका मधल्या सुट्टीत मी शेवटच्या बाकावर एकटी डबा उघडत होते. पुढे मुलींचा घोळका भागूबाईची नक्कल करत होता. एकीला जमेना, दुसरीला जमेना. तेव्हा गार्गी पुस्तक मिटून उठली. "तुम्हाला येत नाही. मी दाखवते," ती म्हणाली. तिने केस चेहऱ्यावर ओढले, खांदे वर चढवले, डबा छातीशी धरला आणि तुरुतुरु चालत थेट माझ्या बाकासमोर आली. माझ्यासमोर का? कारण मी काही बोलणार नाही, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. नक्कल करायला अशीच माणसं बरी पडतात.

"मीऽ बशू कायऽ तुह्याजवळऽ?" ती नाकातून म्हणाली. "डब्बा आनलाऽ मीऽ..."

वर्ग हसून लोळायला लागला. गार्गीही हसत होती. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. ते नसतंच कोणाच्या मनात. उपेनदादाच्या मनात होतं का? मॅडमच्या? माझ्या डोक्यात रक्त चढलं ते या सगळ्या चांगल्या माणसांमुळे.

"तसं नाही म्हनत ते," मी म्हटलं.

हसणं थोडं ओसरलं. मी बोलले होते. "काय?" गार्गी म्हणाली.

"तसं नाही म्हनत. तू हासून राहिली. ते हासत म्हनाचं नसते."

मागून कोणीतरी "हासून राहिली!" म्हणून खिंकाळलं. मी तिकडे बघितलं नाही. गार्गीला अजून गंमतच वाटत होती. "बरं, मग कसं म्हणायचं?"

"केस माघं घे. माह्याकडं पाह्य. मी 'नाही' म्हनू शकते, हे ध्यानात ठेव. आन मंग म्हन."

तिने केस मागे सारले. ओठांच्या कोपऱ्यात हसू तसंच होतं. "मी बसू काय तुह्या..."

"आवाज नको बदलू. तुह्या आवाजात म्हन."

आता हसू गेलं. तिने एकदा मागे त्या मुलींकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळा वर्ग बघत होता आणि ती डबा हातात धरून एका बाकासमोर उभी होती. तिचे कान लाल झाले.

"मी बसू का तुझ्याजवळ?" ती साध्या आवाजात म्हणाली. "डबा आणलाय मी. तुला नसेल आवडत तर..."

इथे ती अडखळली. ती माझ्याकडे निरखून बघायला लागली. शनिवारपासून घराघरांत घुमणारा तो आवाज इतका वेळ तिच्या समोर बसून बोलत होता, आणि तो तिने आत्ता ओळखला होता.  मग तिने डबा जरा खाली घेतला.

"...तर राहू दे," ती अगदी हळू म्हणाली.

मी लगेच सरकले नाही. डबा हातात घेऊन कोणाच्या तरी समोर उभं राहिलं की वेळ किती लांबतो, ते तिला कळायला हवं होतं. तिच्या मागे बसलेल्यांनाही कळायला हवं होतं. ती उभी राहिली, वर्ग बघत राहिला, आणि कोणालाही हसू आलं नाही. मग मी शेजारचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं.